पट्टेवाली इको

तारापूर ते बोईसर मी शेअरची गाडी चालवतो. तारापूरच्या नाक्यावर माझ्या गाडीला सगळे पट्टेवाली इको म्हणतात आणि मला पट्टेवाला. कचेरीत साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसतो ना, तो. शिवाजीची गाडी रोज माझ्या मागे नंबरला असते. तो लांबूनच ओरडतो, "ओ पट्टेवाले, सायबांना चा सांगा." आधी मीही हसायचो. हल्ली हसू येत नाही.

माझा गुन्हा एवढाच, की माझ्या गाडीत बसायचं तर बेल्ट लावावा लागतो. पुढे बसा, मधे बसा, नाहीतर मागे बसा. हा कायदा काही मी घरी पाट्यावर वाटलेला नाही, सरकारचा आहे. त्यातली गंमत अशी, की बेल्ट लावायचा प्रवाशाने, आणि नाही लावला तर दंड ड्रायव्हरच्या नावावर. जेवायचं एकाने आणि ढेकर द्यायची दुसऱ्याने.

आमच्या लाइनला बेल्ट वर्षातून एकदाच दिसतात, आरटीओच्या पासिंगच्या दिवशी. आदल्या दिवशी प्रत्येक जण सीटकव्हर उचकटतो, खाली दडपलेले बेल्ट बाहेर काढतो, ओल्या फडक्याने पुसतो. विरारला साहेब प्रत्येक बेल्ट ओढून बघतात, गाडी पास होते. संध्याकाळी तेच बेल्ट परत कव्हरखाली जातात, वर्षभरासाठी. गौरी-गणपतीची भांडी माळ्यावर टाकावीत तसे. मीही कित्येक वर्षं हेच केलं.

गेल्या वर्षी पासिंगला माझी बायको सुलू बरोबर आली होती. तिला विरारहून मोठा कुकर घ्यायचा होता. मधल्या सीटवर बसून तिने गमतीने बेल्ट लावला आणि तो काही केल्या निघेना. "ह्यो काय बाय फास लावलाय मला," म्हणत चिल्हार फाट्यापर्यंत ती त्या बक्कलशी झटत होती. फाट्यावर पुढच्या ट्रकने कचकन ब्रेक मारला, मीही मारला. सुलूच्या शेजारी ठेवलेला कुकर खोक्यासकट पुढच्या दोन सीटांच्या मधून उडाला आणि पुढच्या काचेवर आदळला. काच तडकली. सुलू होती तिथेच होती. गाडी बाजूला घेऊन मी तिचं बक्कल सोडवलं, आम्ही दोघं खाली उतरलो आणि बराच वेळ त्या काचेकडे बघत राहिलो. 

त्या संध्याकाळी मी बेल्ट कव्हरखाली घातले नाहीत. कव्हरंच फाडून टाकली.

तेव्हापासून माझ्या गाडीत सहा प्रवासी. मागे दोन, मधे तीन, माझ्या शेजारी एक. बाकीच्या गाड्यांत अकरा-बारा सहज बसतात, पुढे ड्रायव्हरच्या मांडीवर गिअर येईपर्यंत माणसं भरलेली. घरात ओढाताण आहे, ती मी सोसतो. लोकांचं ऐकून घेणं मात्र जड जातं. एक म्हणतो, साडी चुरगळते. दुसऱ्याचं पोट दुखतं. कंपनीतला एक पोरगा म्हणाला, "चाचा, इतना सा रास्ता है, कौन सा प्लेन उड़ाना है?" हाच पोरगा कंपनीच्या गेटात शिरताना हेल्मेट, चष्मा, बूट सगळं निमूट घालतो. तिथे साहेब बघतो. माझ्याकडे कोण बघतं? पालथ्या घड्यावर पाणी.

पण एक गोष्ट माझ्या मनासारखी होती. माझी मुलगी दीपिका पालघरला नर्सिंगला जाते. रोज सकाळी बोईसर स्टेशनपर्यंत ती माझ्या शेजारी बसायची. तिच्या बेल्टचा खट्ट आवाज झाला की मगच मी चावी फिरवायचो. खरं सांगायचं तर बाकी सगळी कटकट त्या एका आवाजासाठी होती. दुनिया गेली खड्ड्यात, माझी पोर पट्ट्यात पाहिजे.

त्या दिवशी तिची प्रॅक्टिकलची परीक्षा होती, आणि नेमका त्याच दिवशी तिला युनिफॉर्मच्या इस्त्रीपायी उशीर झाला. माझा नंबर पहिला. मागच्या सीटवर कंपनीतल्या दोघी बसल्या. मधे मेहुलभाई बसले, ते एका कारखान्यात हिशेब बघतात. मग साखरबाई आली. ती रोज बोईसरच्या बाजारात मासळी विकते आणि रोज दोन सीट घेते, एक स्वतःची, एक टबाची. तिच्या बर्फाच्या टबालाही मी बेल्ट लावतो. लोक त्यावरून माझी टिंगल करतात, की पापलेटाला पट्टा आणि ड्रायव्हरला अक्कल नाही. करू देत. कुकर मी बघितलाय, त्यांनी नाही.

शेजारची सीट मी दीपिकासाठी अडवून ठेवली होती. तेवढ्यात तात्या आले. तात्यांची गावात चिकूची वाडी आहे, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आणि बोईसरला डॉक्टरकडे जायचं होतं. त्यांच्या मुलाने पुढचं दार उघडून त्यांना बसवलंसुद्धा. सीट राखीव आहे म्हणायला मी तोंड उघडलं. पण काळा चष्मा लावून चाचपडत बसलेल्या म्हाताऱ्याला उतरवणार कोण? मीच त्यांचा बेल्ट ओढून लावला.

गाडी भरली. आमच्या लाइनचा नियम आहे, भरलेली गाडी नाक्यावर उभी राहू द्यायची नाही. मागून शिवाजीने हॉर्न मारला. आणि दीपिका धावत आली.

तिने एका नजरेत सगळं ओळखलं. "चालंल बाबा, मी मधी सरकून बसते."

"बेल्ट नाय तिथं."

"एवढासा रस्ता हाय. परीक्षा हाय माजी."

मी मेहुलभाईंकडे बघितलं. म्हटलं, आज तेवढं शिवाजीच्या गाडीत बसता का? त्यांना आश्चर्य वाटलं. "मी कशाला उतरू? तुमच्या गाडीत येतो तो ऐसपैस बसायला मिळतं म्हणून. तिकडे कोण चेंगरून घेणार?" वर्षभर मला वाटत होतं, हा एक तरी माणूस शहाणा आहे.

साखरबाई म्हणाली, "माजा टब मी मांडीवर घेते, बसव पोरीला."

"टब मांडीवर नाय घ्यायचा. ब्रेक मारला तर तात्यांच्या डोक्यात बसंल."

"मंग पोरीला मांडीवर घेते. सोताच्या लेकीला कोन असं रस्त्यावर उबी ठेवतो?"

मागच्या दोघी फिदीफिदी हसल्या. दीपिकाचं तोंड लाल झालं. सगळी गाडी माझ्याकडे बघत होती, मागची गाडीही बघत होती. आज पोरीला सातवी म्हणून घेतली, तर उद्या माझ्या बोलण्याला कुत्रं विचारणार नाही, हे मला दिसत होतं. आणि मी वर्षभर गावाला ज्या आवाजात सांगत आलो, त्याच आवाजात माझ्या पोरीला म्हणालो, "बेल्ट नाय तर बसायचं नाय."

"बरं," ती म्हणाली.

शिवाजीने लगेच हाक मारली, "ये गं दीपा, हितं झाली जागा." त्याच्या गाडीत जागा होतेच, रबराची आहे ती. बाकीचे सरकले, आखडले, आणि दीपिका दारापाशी अर्धी सीटवर, अर्धी हवेत अशी टेकली. शिवाजीने माझ्या बाजूने गाडी काढली आणि तो पुढे गेला.

मग तो रस्ता. रोजचाच आहे, झोपेतही चालवीन. पण त्या दिवशी मला रस्ता दिसलाच नाही, फक्त शिवाजीच्या गाडीचं दार दिसलं. ते दार नीट लागत नाही, तो उघडंच ठेवतो. त्यातून दीपिकाची पांढरी बाही दिसत होती. वरची दांडी तिने एका हाताने धरली होती, दुसऱ्या हाताने बॅग. खड्डा आला की ती बाही बाहेर झुकायची आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. समोरून कंपनीचे टँकर येत होते. मी डहाणूच्या महालक्ष्मीला म्हणत होतो, आई, आज काही होऊ देऊ नकोस. फक्त आज. बाकी मी बघून घेतो.

साखरबाई मागून बोलतच होती. तिच्या वेळी बैलगाडीतून माणसं वसईपर्यंत जायची, कुणी मेलं नाही, वगैरे. मी इतक्या जोरात "गप बसा वो जरा" म्हणालो, की ती खरंच गप्प बसली. मला वाईट वाटलं, पण माफी मागायला मन जागेवर नव्हतं.

बोईसर जवळ आलं, तशी शिवाजीची गाडी तिथल्या नाक्याच्या अलीकडे थांबली. हेही रोजचंच. नाक्यावर पोलीस उभे असले की जास्तीची माणसं अलीकडे उतरतात, पायी नाका ओलांडतात आणि पलीकडे जाऊन परत त्याच गाडीत बसतात. कुणाला काही सांगावं लागत नाही. बायका साड्या सावरतात, पुरुष तंबाखू मळतात, सगळे मिळून देवळातून परतल्यासारखे चालत जातात. दीपिका त्यांच्यात उतरली. मला जरा हायसं वाटलं, पायी चालताना तरी पोर जमिनीवर आहे.

मी सरळ नाक्यावर गेलो. मला कसली भीती? हवालदाराने हात केला. मी काच खाली घेतली आणि जवळजवळ छाती पुढे काढूनच म्हणालो, "बगा साहेब, सगळ्यांना बेल्ट हायेत."

"हे आजोबा?"

मी वळून बघितलं. तात्यांचा बेल्ट सुटलेला होता आणि ते कमरेशी चंची शोधत होते. "तमाकूसाटी काडला रं जरा," तात्या म्हणाले. "ह्यो काय, लावतोच आता."

हवालदार काही वाईट माणूस नव्हता. बेल्ट नव्हता हे खरंच होतं. त्याने दंडाचं मशीन काढलं आणि माझ्या गाडीचा नंबर टाकायला लागला. मी खाली उतरून त्याला सांगायला गेलो, की साहेब, ह्या लाइनवर बेल्ट लावणारी एकच गाडी आहे, ती ही. कुणालाही विचारा. तो म्हणाला, "कायदा तुम्हालाच माहीत आहे म्हणता, मग वाद कसला घालता?" तेवढ्यात शिवाजी मोजकी माणसं घेऊन, स्वतः बेल्ट लावून, सभ्य माणसासारखा आमच्या बाजूने निघून गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते असं उघड्या डोळ्यांनी बघायला लागलं.

आणि त्याच्या मागून ती पायी माणसं आली. दीपिका त्यांच्या मधे होती. मी हात जोडून हवालदारासमोर उभा आहे, तो मशीनवर बोट दाबतोय, हे तिने बघितलं. ती थांबली. मला वाटलं, हसेल. हसली असती तर बरं झालं असतं. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, जाऊ द्या. बोलू नका जास्त." मग पलीकडे उभ्या असलेल्या शिवाजीच्या गाडीकडे गेली आणि परत त्या उघड्या दारात अर्धी टेकून बसली.

स्टेशनजवळ पोहोचलो तेव्हा सगळे उतरून आपापल्या वाटेला गेले. साखरबाईने टबाचा बेल्ट स्वतःच काढला आणि टब उचलून चालू लागली. तात्या पैसे देताना म्हणाले, "तुजा उगाच दंड झाला रं, कमलाकांत." मी म्हटलं, असू द्या.

दीपिका चहाच्या टपरीपाशी उभी होती. तिच्या लोकलला अजून वेळ होता. तिने माझ्यासाठी चहा घेऊन ठेवला होता. तिच्या बाहीला दाराच्या गंजाचा डाग लागला होता आणि ती तो नखाने खरवडत होती. मी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, बाजारात वस्तू बघतात तसं. सगळी होती. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"बगितलं ना बाबा," ती म्हणाली, "काय झालं का? आले ना नीट?"

"आलीस."

"मी काय म्हनते, उद्यापासून मी शिवाजीकाकांच्याच गाडीत येत जाईन. माज्यासाठी सीट अडवू नका. तुमची तेवढी सीट भाड्याला मोकळी व्हईल, आईला पन बरं पडंल. तुमी आदीच सहा घेता."

ती रागाने बोलत नव्हती. रागाने बोलली असती तर मी भांडलो असतो, आणि भांडणात मी जिंकतो. ती माझ्या काळजीने बोलत होती. तिला द्यायला उत्तर हवं होतं आणि माझ्याकडे एकच होतं, काहीतरी होईल. रस्ताभर मी देवीकडे तेच होऊ नये म्हणून मागत आलो होतो. देवीने ऐकलं होतं. पोर धडधाकट माझ्यासमोर चहा पीत होती, आणि त्यामुळेच मला तोंड उघडायला जागा उरली नव्हती.

गाडीची घोषणा झाली. तिने बॅग उचलली.

"दीपा," मी म्हटलं, "निदान दाराकडं बसू नको. मदी बसत जा."

"बरं बाबा," ती म्हणाली. बेल्ट लावा म्हटलं की माझे प्रवासी रोज तोंडदेखलं 'बरं' म्हणतात, अगदी तसंच म्हणाली आणि जिना चढून गेली.