विल्फच्या मॉरिसची टिकटिक

विल्फ ऑग्डेनने दोन हिवाळे खपून आपल्या जुन्या मॉरिस गाडीचं इंजिन खोललं, घासलं, पुसलं, नव्याने बांधलं, ते पहिल्या झटक्यात सुरूही झालं, आणि आता ते टिकटिकत होतं. आता काय करावं माणसाने? डोकं आपटून घ्यावं?

बरं, प्रकरण एवढ्यावर थांबणारं नव्हतं. कारण हे दोन हिवाळे इंजिन गॅरेजमध्ये नव्हतंच, घरात जेवणाच्या टेबलावर होतं. यॉर्कशरच्या थंडीत गॅरेजमध्ये बोटं आखडतात, नट हातात धरवत नाहीत, असं विल्फचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच्या बायकोने, बिचाऱ्या ईनिडने, दोन नाताळ मांडीवर ताट घेऊन काढले. टर्की इस्त्रीच्या टेबलावर कापली. एकदा तर सॉसच्या भांड्याशेजारी ग्रीसचा डबा राहिला आणि तिच्या बहिणीने त्यातलं चमचाभर बटाट्यांवर घेतलं. वर चव छान आहे म्हणाली.

शेवटी इंजिन उचलून गाडीत बसवलं, तेव्हा ईनिडने टेबल सोड्याने घासघासून धुतलं, वर पांढरंशुभ्र कापड अंथरलं आणि नवऱ्याला समोर उभं केलं.

"हे इंजिन पुन्हा या उंबरठ्याच्या आत आलं, की गाडी मेटकाफ खाटकाला विकायची. तो कधीचा मागे लागलाय."

विल्फने मान हलवली. ईनिड बोलते कमी, पण बोललेलं करते, हे त्याला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. आणि मेटकाफ त्या गाडीतून मटण पोचवणार, या नुसत्या विचाराने तो उठून गाडी पुन्हा एकदा पुसून यायचा.

ईस्टरच्या शनिवारी याच गाडीतून व्हिटबीला जायचं, समुद्राकडे तोंड करून बसायचं आणि तळलेला मासा खायचा, असंही ठरलं होतं. ईनिडने नवी हॅट आणली होती. आणि शुक्रवारी विल्फला टिकटिक ऐकू आली.

ऐकू आली म्हणजे कशी, ते सांगायला हवं. विल्फचा उभा जन्म कापडगिरणीत गेला. तो मागांचा फिटर, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करणारा. मागांच्या खडखडाटाने त्याच्या कानांचं कधीच वाटोळं झालं होतं. दारावरची घंटा वाजून वाजून थकायची, हा आपला पेपर वाचत बसलेला. पण गिरणीतला फिटर कानाने ऐकतच नाही मुळी. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्रावर टेकवायचं, लाकडी मूठ दातांत घट्ट धरायची, कानांत बोटं खुपसायची आणि डोळे मिटायचे. मग यंत्राच्या पोटात काय चाललंय ते हाडांतून थेट डोक्यात येतं. ही विद्या विल्फला बापाने दिली होती आणि तिच्यावर त्याचा बायबलपेक्षा जास्त विश्वास होता.

तर शुक्रवारी त्याने मूठ दातांत धरली आणि डोक्यात सुरू झालं, टिक टिक टिक टिक.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे दट्टे, दुसरं काय? त्याने सगळी टॅपेटं पुन्हा जुळवली. टिकटिक तशीच. पुन्हा जुळवली. टिकटिक तशीच. ईनिड दोनदा येऊन बॉनेटवर कान देऊन गेली आणि मला तर काही वाजताना ऐकू येत नाही म्हणाली. तुला त्यातला कान नाही, असं विल्फने तिला प्रेमाने समजावलं. ती एक भुवई वर करून निघून गेली.

शनिवारी सकाळी त्याने शेवटचा उपाय म्हणून होरेस आणि क्लेमेंटला बोलावलं. दोघेही त्याच गिरणीतले, त्याच्याच बरोबरीचे फिटर, आणि कानांनी त्याच्याइतकेच धन्य. आधी चहा झाला. बिस्किटं चहात चांगली भिजवून, गिळण्याजोगी करून खाल्ली गेली. मग होरेसने स्क्रू-ड्रायव्हर तोंडात घेतला, इंजिनच्या बुडाशी टेकवला, डोळे मिटले आणि बराच वेळ कुणी मेल्यासारखा चेहरा करून उभा राहिला. बेअरिंग गेलंय, तो म्हणाला. क्लेमेंटने वरच्या बाजूला टेकवून पाहिलं. त्याच्या मते पिस्टन. मग दोघांनी जागा बदलल्या, तर तिथेही टिकटिक. पुढे टेकवा, मागे टेकवा, टिकटिक आहेच.

"सगळंच गेलंय, विल्फ," होरेस म्हणाला. "इंजिन बाहेर काढायला लागणार. टेबल रिकामं आहे ना तुमचं?"

विल्फ मटकन बादलीवर बसला. त्याला ते पांढरं कापड दिसलं, मग मेटकाफ दिसला, मग मागच्या सीटवर लटकलेली मेंढी. तो खरंच रडायच्या बेतात होता.

तेवढ्यात ईनिड हॅट घालून, थर्मास घेऊन दारात आली. तिघांची तोंडं पाहून तिला सगळं कळलं. तिने थर्मास खाली ठेवला, होरेसच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला, मूठ जेवणाचा चमचा पुसावा तशी पुसली आणि स्वतःच्या दातांत धरली.

"मांजर गुरगुरतंय नुसतं," ती म्हणाली. "टिकटिक कुठाय?"

होरेसने तिला समजवायला तोंड उघडलं. क्लेमेंटनेही उघडलं. विल्फचं उघडंच होतं. ईनिड त्या तीन तोंडांकडे बघत राहिली, आणि मग तिने तिघांनाही स्क्रू-ड्रायव्हरसकट स्वयंपाकघरात नेलं. तिथे तिचा नवाकोरा फ्रिज होता. ऐका, म्हणाली.

होरेस म्हणाला, बेअरिंग. क्लेमेंट म्हणाला, पिस्टन. विल्फ पांढराफटक पडला.

"ईनिड, अगं, फ्रिजचंही टॅपेट वाजतंय."

"चला गॅरेजमध्ये. आणि कवळ्या काढा," ईनिड म्हणाली.

त्या पिढीत तिकडे रीतच होती तशी. लग्नाआधी तोंडातले सगळे दात, चांगले असले तरी, काढून टाकायचे आणि कवळी बसवून घ्यायची, म्हणजे जन्माची कटकट मिटली. विल्फला सासऱ्याने ती लग्नाची भेट म्हणून दिली होती. भेट ईनिडलाही मिळणार होती, पण दाताच्या डॉक्टरसमोर तिने तोंडच उघडलं नाही. आई तिच्यावर महिनाभर रुसली होती.

तर कवळ्या निघाल्या. विल्फने आपली, हाताशी जागा दिसली तिथे ठेवली, नुसत्या हिरड्यांत मूठ धरली आणि डोळे मिटले. गुर्र, गुर्र, गुर्र. टिकटिक नाही, खुट्ट नाही, काही नाही. त्याने ईनिडला मिठी मारली, हॅट वाकडी झाली, तरी ती रागावली नाही.

क्लेमेंट मात्र हातातल्या कवळीकडे बघत होता.

"मग गिरणीतले माग?" तो बोबडं बोलला.

आयुष्यभर ज्या मागाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तो टिकटिकला होता, आणि टिकटिकला तो या तिघांनी खोलला होता. मालकाने गिरणी बंद करताना भाषणात म्हटलं होतं की आमचे माग चालले कमी आणि उघडे पडून राहिले जास्त. तेव्हा या तिघांनी मालकाला यंत्रातलं काही कळत नाही म्हणून भरपूर शिव्या घातल्या होत्या.

"हे या गॅरेजच्या बाहेर जायचं नाही," होरेस म्हणाला, आणि दोघे चहाचं दुसरं भांडं न संपवताच निघून गेले.

विल्फने बॉनेट धाडकन लावलं आणि गाडी काढली. माळावर ऊन पडलं होतं. चढावरही मॉरिस कुरकुरली नाही. विल्फ आनंदाने काहीबाही बडबडत होता, त्यातलं अर्धं ईनिडला कळत नव्हतं. त्याला भरून आलंय, असं समजून ती बाहेर बघत बसली. मग एका उतारावर तिने कान टवकारले.

"विल्फ, आता मात्र वाजतंय."

"तुला त्यातला कान नाही," विल्फ म्हणाला. शेजारी बसून ओरडलेलं त्याला कळायचं, पण इंजिनातलं काही कानाने ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

"टिकटिक नाही, चांगलं कडकड वाजतंय." ती वळून त्याच्याकडे बघायला लागली. "आणि तू असा का बोलतोयस? कवळी कुठंय तुझी?"

विल्फचा हात तोंडाकडे गेला. त्याने गाडी रस्त्याकडेला चरणाऱ्या मेंढरांच्या बाजूला घेतली आणि इंजिन सुरूच ठेवून बॉनेट उघडलं. बॅटरीशेजारच्या पट्टीवर त्याची कवळी, वरची आणि खालची, ऑइलने काळी होऊन एकमेकींवर कडकड आपटत होती. जणू विल्फ थंडीने कुडकुडत आत बसला होता.

ईनिडने ती रुमालात धरून उचलली, वासही घेतला.

"जेवणाच्या टेबलावर आता हीसुद्धा यायची नाही," ती म्हणाली.

व्हिटबीला विल्फने वाटाण्याच्या लगद्यावर भागवलं. मासा ईनिडने खाल्ला, त्याच्या वाटणीचाही, कुरकुरीत कडेपासून शेपटीपर्यंत, स्वतःच्या दातांनी.