अंजनाचं घुमणं

लग्नाच्या शूटिंगवर पोट भरणाऱ्या माणसानं सिनेमाच्या नादी लागू नये. मी लागलो. शहाण्णव साली विश्रामबागेत माझं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. आमच्या घरातली देवदेवस्की आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच बंद केलेली, त्यामुळं भोंदू बुवांवर माझा पिढीजात राग. त्यांची सालटी काढणारा भुताटकीचा सिनेमा काढायचं मी ठरवलं.

गोष्ट साधी होती. चार पोरं कॅमेरा घेऊन एका बुवाच्या मठात जातात, परत येत नाहीत, सापडते ती फक्त त्यांची कॅसेट. म्हणजे कॅमेरा हलला तरी चालतंय, खर्च नाही. शूटिंग कवठे महांकाळजवळच्या माळावर केलं. बुवाची भक्तीण झाली अंजना, तिथल्याच लालासाहेब या रिटायर फौजीची मुलगी. केस सोडून ती अशी घुमली, की सीन संपला तरी कॅमेरा बंद करायचं मला सुचलं नाही. मी थांब म्हटलं की बया खुदकन हसायची, तेही कॅमेऱ्यात यायचं.

सापडलेल्या कॅसेटवर नावं कुठली असणार? म्हणून शेवटी मी एकही नाव टाकलं नाही. लग्नाच्या कॅसेटीत मांडववाल्याचंसुद्धा नाव टाकणारा मी, इथं नको ती अक्कल पाजळली.

ओळखीच्या व्हिडिओवाल्यांना मी दिलेली ती कॅसेट नकलेची नक्कल होत होत उंब्रजच्या केबलवर लागली, खरी म्हणून. अंजनाची सोयरीक उंब्रजलाच जोतीरामअण्णांच्या घरी जमली होती, सुपारीही फुटली होती. आठ दिवसांत त्यांचा निरोप आला, बुवाच्या नादाची पोरगी नको.

लालासाहेब दुकानात आले. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. पोरगी मधेमधे हसायची तेवढं उंब्रजकरांना दाखवा म्हणाले. पण कोरी कॅसेट वाचवायला मी त्या उरलेल्या शूटिंगवर मिरजेतलं एक लग्न उतरवलं होतं. आमच्या धंद्यात सगळेच असं करतात. तिच्या हसण्याच्या जागी आता कुणाची तरी वरात नाचत होती.

मग नुसतं तोंड घेऊन उंब्रजला गेलो. जोतीरामअण्णांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं खरं मानतो गड्या," ते म्हणाले. "पर किती जणांस्नी सांगत बसू? समद्या गावानं बघितलंय."

मी हात जोडले. त्यांनीही जोडले.

दुसऱ्या दिवशी कवठ्याला गेलो. अंजना शिलाई मशीनवर बसली होती. मी उंब्रजचं सांगितलं, माफी मागितली. तिनं सुईत दोरा ओवला.

"दादा, खरं सांगा. माजं काम चांगलं झालं व्हतं का?"

शूटिंगच्या आठ दिवसांत मी तिला हे एकदाही सांगितलं नव्हतं. आता कुठल्या तोंडानं सांगू?

"लई चांगलं झालं," मी म्हणालो, आणि माझी मला लाज वाटली.

तिनं मान हलवली. "व्हय. म्हणूनच मोडलं," म्हणाली, आणि मशीन चालू केली.