नागअळी नसलेली चार गावं

कमलाबाईनं चवळीच्या वेलावरचं पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघांचं शेवटचं पान खुडलं, बकरीपुढं टाकलं आणि पदराला हात पुसले. तेवढ्यात फाटकाशी स्कूटी थांबली. वर्ध्याला शेतीचं शिकणारी आकांक्षा काल फोनवर म्हणाली होती, ‘काकू, उद्या तुमचा चवळीचा वेल पाहायला येते.’ आता पाहुणीपुढं किडका वेल कोण ठेवतं? देवळीच्या बाजारात कमलाबाईच्या शेंगांना नाव होतं, ते काय उगीच नव्हतं.

आकांक्षानं भिंग काढलं. पान न् पान उलटंपालटं करून पाहिलं. अर्धा तास झाला. कमलाबाई मागं उभी, मनातून भलतीच खूश.

“सापडलं का काही?”

“काहीच नाही, काकू.” आकांक्षा ओट्यावर मटकन बसली.

“मंग त चांगलंच झालं ना, पोरी.”

“चांगलं कसलं. मी नागअळीच शोधतेय. एवढीशी माशी असते, पानाच्या आत अंडं घालते. अळी आतल्या आत पान खात पुढं सरकते, त्याचीच पांढरी रेघ दिसते. कारंज्यापासून सगळीकडे सापडली. नेमकी इकडच्या चार गावांत शून्य, आणि हे पाचवं. सर म्हणतात, तू नीट पाहतच नाहीस. परवा नकाशा द्यायचाय. हा पट्टा असा कोरा दिला, तर वर्षभराचं काम पुन्हा करायला लावतील.”

तिनं वहीत शून्य काढायला पेन टेकवलं. तिचे डोळे भरून आले होते.

खरं सांगावं तर शेंगांचं नाव जातं आणि वर आपण लबाड ठरतो. न सांगावं तर लेकीच्या वयाची पोर रडत जाते. कमलाबाई तरातरा गोठ्याकडं गेली, बकरीचं तोंड बाजूला सारलं आणि अर्धवट खाल्लेलं एक पान आणून आकांक्षाच्या हातावर ठेवलं.

“हे माह्याच वेलाचं हाय. सकाळपासून मीच खुडून राह्यली. तू येनार म्हनून.”

“काऊन पण, काकू?”

“पाहुण्याले किडकं काय दाखवाचं?”

आकांक्षानं पान उन्हात धरलं. रेघेच्या टोकाशी पिवळी बारकी अळी वळवळत होती. तिला हसू फुटलं, आवरेना. कमलाबाईचा जीव भांड्यात पडला.

मग आकांक्षा हसायची थांबली. तिनं वहीची मागची पानं चाळली.

“काकू, त्या चार गावांतही मी आदल्या दिवशी फोन करूनच गेले होते.”

कमलाबाईनं तोंडाला पदर लावला. हसण्यानं खांदे गदागदा हलत होते. मग तिनं पदर कमरेला खोचला, आकांक्षाला हाताला धरून बाहेर आणलं, फाटकाला कडी घातली आणि स्कूटीवर मागं जाऊन बसली.

“चाल. अन् कोनाले फोन नको लावजो.”