टोपरं घातलेली बाटली

बाळ साडेनऊशे ग्रॅमचं. बाप तुर्भ्याच्या मार्केटात पन्नास-पन्नास किलोच्या गोण्या पाठीवर टाकायचा, पण काचेच्या पेटीतल्या लेकाला बोट लावायला सांगितलं की घामाघूम व्हायचा. साल पंचाण्णव. वाशीच्या त्या नर्सिंग होममध्ये नवजात बाळांचा कक्ष नवा होता आणि सिस्टर उत्कर्षा त्याहून नवी.

सकाळी अकराला लॅबचा फोन आला. बाळाच्या रक्तात साखर चारशे ऐंशी.

"एवढी तर बासुंदीत नसते," डॉक्टर केयूर म्हणाले, पण हसले नाहीत. "इन्सुलिन भरा."

तिनं भरलं. रक्तही तिनंच काढलं होतं, बाळाच्या नाळेतून धमनीत सरकवलेल्या बारीक नळीतून. ती नळी तुंबू नये म्हणून तिच्यातून तासाला जेमतेम एक मिली सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, सोडलेलं असायचं. सिरिंज डॉक्टरांच्या हातात देऊन तिनं वर पाहिलं. बाटली स्टँडला उलटी टांगलेली, तिच्यावर लेबल झाकणारं लोकरीचं टोपरं, नाडी घट्ट बांधलेली.

टोपरं रंगूबाईंचं, म्हणजे बाळाच्या आजीचं. त्यांना बाळाला तीट लावायची होती. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी आहे, काहीही लावायचं नाही, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग ज्याच्यावर त्यो जगतोय त्याला तरी झाकून ठेवा." यावर नाही म्हणायला उत्कर्षाला कारण सुचलं नव्हतं.

आणि सकाळी बाटली बदलताना तिनं जुन्या बाटलीचं टोपरं नव्या बाटलीला घातलं होतं. नाडीची गाठ तिला आठवत होती. बाटलीवरचं नाव आठवेना.

तिनं गाठ सोडली. डेक्स्ट्रोज. साखरेचं पाणी.

डॉक्टरांनी पेटीचं दार उघडलं होतं.

"सर, थांबा. बाटली मी चुकीची लावलीय. रक्त त्याच नळीतून काढलंय, ती साखर बाळाची नसेल, बाटलीची असेल."

"असेल?"

"माहीत नाही."

डॉक्टरांनी आधी नळीचं पाणी बंद केलं. "टाचेतून रक्त घ्या."

टाच तिच्या नखाएवढी. तिनं स्पिरिटचा बोळा फिरवला. ओलं राहिलं तर असली कातडी भाजते, म्हणून वाळेपर्यंत थांबायचं. फुंकर मारायची नाही. दोघं एका टाचेकडे बघत उभे राहिले, डॉक्टरांची इन्सुलिनची सुई तशीच वर. मग थेंब, मग साखर मोजायची पट्टी, मग पट्टीचा रंग चढेपर्यंत आणखी दोन मिनिटं.

"साठच्या आसपास, म्हणजे ठीक," डॉक्टर म्हणाले. त्यांनी इन्सुलिन बेसिनमध्ये सोडलं आणि नळ बराच वेळ चालू ठेवला. "हे गेलं असतं तर होती ती साखरही उतरली असती, बाळ गेलं असतं." त्यांनी नळ बंद केला. "नवी बाटली दोघांनी मोठ्यानं वाचून लावायची. आणि आजींना तुम्ही सांगायचं."

रंगूबाई दाराबाहेर बाकड्यावर होत्या. उत्कर्षानं सगळं सांगितलं, एकही वाक्य न गाळता.

रंगूबाईंनी मान वर केली.

"जेवलीस का?"

"नाही, आजी."

"मग आज नगो जेवू. जा, त्याच्यापाशी हुबी ऱ्हा."

ती गेली.