डाव्या खांद्यावरचा पाय

"खरं सांगा भावजी, सिनेमात दाखवलंय तसंच झालं होतं ना?"

शिलाई मशीनमध्ये तेल सोडता सोडता भावजींचा हात थांबला. मशीन दुरुस्तीत त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं, पण वहिनींच्या मशीनला कधी काही झालेलंच नसायचं. तरी दर महिन्याला ते यायचे, दोन थेंब तेल सोडायचे आणि चहा पिऊन जायचे. मनाला टोचणी लागलेली, म्हणून यायचे.

वहिनींचे यजमान रणगाड्याचे कमांडर, आणि भावजी त्यांचे ड्रायव्हर. त्याच रणगाड्यावर आता सिनेमा निघाला होता. पडद्यावरचे साहेब "डावीकडे घे!" म्हणून ओरडले, रणगाडा शत्रूच्या तोफेसमोर उघडा पडला आणि साहेबांबरोबर आतली दोन पोरंही गेली. थेटरात मागून कोणीतरी म्हणालं, "याच्या मूर्खपणापायी मेली बिचारी." वहिनींनी ते ऐकलं होतं.

"लष्कराच्या चौकशीतही तुम्ही हेच सांगितलंत," वहिनी म्हणाल्या. "चुकतो माणूस. निदान त्यांचा शेवटचा शब्द तरी मला ठाऊक आहे."

बत्तीस वर्षं दडवलेलं भावजींना आता दडवता येईना. वहिनींच्या खुर्चीकडे पाठ करून ते जमिनीवर बसले.

"वहिनी, माझ्या डाव्या खांद्यावर पाय ठेवा."

"काहीतरीच काय! तुमच्या अंगाला पाय लावू?"

"ठेवा. नुसतं तोंडाने सांगणं जमायचं नाही मला."

वहिनींनी संकोचत पाय टेकवला.

"आमचा रणगाडा जुना, अडचणीचा. साहेब माझ्या मागे, वर उभे. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही. त्यांनी पायाने डावा खांदा दाबला की डावीकडे, उजवा दाबला की उजवीकडे. आता पाय सैल सोडा. अगदी सैल."

पायाचा भार खांद्यावर आला. भावजींची मान आपोआप डावीकडे वळली.

"एवढंच झालं होतं. साहेबांना कपाळात गोळी लागली होती, ते आधीच गेले होते. त्यांचा पाय घसरला, मला वाटलं हुकूम. साहेबांना बाहेर काढल्यावर कळलं. मेलेल्या माणसाच्या पायाचं ऐकून मी दोन पोरं मारली, हे म्हणायची छाती झाली नाही माझी."

वहिनी खुर्चीत पुढे सरकल्या.

"म्हणजे ते तसं बोललेच नाहीत."

"नाही."

"मग शेवटचं काय बोलले?"

भावजींनी जिवाच्या आकांताने आठवून पाहिलं. "आठवत नाही वहिनी. नुसतं इंजिन ऐकू येतं."

वहिनींनी पाय काढून घेतला. भावजींच्या खांद्यावर त्यांच्या पायाचे दोऱ्याचे तुकडे चिकटले होते, ते वहिनींनी हाताने झटकले.

"उद्या त्या सिनेमावाल्यांकडे जायचं. हेच सांगायचं, सगळ्यांसमोर."

"जातो."

भावजी गेल्यावर वहिनींनी अर्धी राहिलेली बाही सुईखाली सरकवली. पॅडलवर पाय ठेवला. पण तो दाबणं त्यांना काही केल्या जमेना.