व्हर्नाची काडतुसं

काडतुसांत दारू भरताना टेबलावर एकच डबा असावा, हा व्हर्नाचा स्वतःचाच नियम. काल नवऱ्यासाठी काडतुसं भरताना नेमका मध्येच बहिणीचा फोन आला. आज सकाळी ती काडतुसं भरायच्या यंत्राच्या नळीत उरलेली दारू डब्यात ओतायला गेली, आणि थबकली. डब्यातली रायफलीची दारू लांबट कणांची, नळीतली मात्र चपट्या बारीक टिकल्यांची. म्हणजे पिस्तुलाची! रायफलीच्या काडतुसात एवढी भरली तर बंदूक नवऱ्याच्या तोंडावरच फुटायची.

आणि ऑरिन तर एल्क हरणाच्या शिकारीला केव्हाच निघून गेलेला. डोंगरात फोन लागेना. तिने पिकअप काढली आणि मोंटानाच्या त्या खडबडीत रस्त्यावर स्वतःलाच शिव्या घालत दामटली. लांब कुठे बार झाला की ती वेग आणखी वाढवी.

पायवाटेच्या तोंडाशी ऑरिन मजेत कॉफी पीत बसला होता.

"रायफल खाली ठेव! पिस्तुलाची दारू भरलीय मी काडतुसांत, मेल्या!"

ऑरिन जागचा हललासुद्धा नाही. "तुझी कुठं आणलीत मी? ही दुकानातली आहेत."

तिचा जीव भांड्यात पडला. "विसरलास होय?"

ऑरिनने कपात तोंड घातलं. "तुझी सगळी तबेल्यातल्या ट्रंकेत आहेत. लग्नापासूनची."

व्हर्नाने त्याचा कप खाली ओढला. "आणि भिंतीवरची शिंगं? दर नाताळात पाहुण्यांना सांगतोस ना, हा एल्क व्हर्नाच्या काडतुसानं पाडला म्हणून?"

"तुला ऐकायला आवडतं," ऑरिन म्हणाला.