क्लेमचे जुने डोळे

क्लेम पेंगिलीला प्रीसेट या शब्दाचाच तिटकारा होता. संगणकावर एक बटण दाबायचं आणि आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेले रंग आपल्या फोटोवर चढवायचे, याला तो 'पाकिटातली ग्रेव्ही' म्हणायचा, भाजलेल्या मांसावर ओततात तो तयार पुडीचा रस्सा. "गरम पाणी ओता, ढवळा, आणि पाहुण्यांना सांगा सकाळपासून राबतोय!" गावच्या कॅमेरा क्लबात हे वाक्य ऐकल्याशिवाय एकही नवा सभासद सुटला नव्हता. माणूस हट्टी, तोंडाने फटकळ. पण गावामागच्या फ्लिंडर्सच्या डोंगरांचे फोटो काढावेत तर त्यानेच. अग्निशमन दलाच्या कॅलेंडरचं मुखपृष्ठ सलग बावीस वर्षं त्याचंच होतं.

तेविसाव्या वर्षी दलाची कॅप्टन मेव्हिस नूनन त्याच्या फोटोच्या दुकानात आली, फोटोचा लखोटा काउंटरवर ठेवला आणि उगाच टोपीशी चाळा करत राहिली.

"क्लेम, राग मानू नकोस. पण डोंगर जांभळे झालेत."

"पहाटे जांभळेच असतात."

"इतके? कुणीतरी धरून बडवल्यासारखे दिसतायत. हे बघ, शुक्रवारी छपाईला द्यायचंय. तोवर नीट करून दे, नाहीतर यंदा अ‍ॅडलेडच्या कुणाचातरी फोटो घ्यावा लागेल."

ती गेल्यावर क्लेमने फोटो पुन्हा उघडला. त्याला तो अगदी बरोबर दिसत होता. खरं तर हल्ली डोंगरच मळकट झाले होते. पाऊस नाही, धूळ फार, असं तो सगळ्यांना सांगायचा. आणि फोटोतली ती धूळ एकेक रंग मागेपुढे सरकवून हाताने काढायचा, मनातले डोंगर दिसेपर्यंत. तासभर त्याने पुन्हा तेच केलं. काही हाताला लागेना. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोंडा शुल्त्झ आली. क्लबची सचिव, आणि कधीकाळी त्याच्याच हाताखाली शिकलेली. मेव्हिसने तिच्या कानावर घातलंच होतं. तिने पिशवीतून एक कार्ड काढलं. रंग खरे उतरावेत म्हणून फोटो काढताना चौकटीत धरतात, ते करडं कार्ड.

"हे कुठल्या रंगाचं आहे?"

"करडं. म्हणजे होतं. आता चहा सांडल्यासारखं झालंय. माझंही तसंच झालंय, जुनं झालं की होतं."

"क्लेम, हे कोरं आहे. आत्ता तुझ्यासमोर वेष्टण फाडलं मी."

क्लेमने कार्ड खिडकीपाशी नेलं, उलटून पाहिलं, बाहीने पुसलं. मग खुर्चीवर बसला.

"मोतीबिंदू असेल," रोंडा म्हणाली. "माझ्या आईला असंच सगळं जग पिवळं दिसायचं. काढता येतो रे, त्यात काय!"

"शुक्रवारपर्यंत?"

"ते नाही. पण शुक्रवारसाठी एक आणलंय. आता ओरडू नकोस." तिने काउंटरवर छोटा पेनड्राइव्ह ठेवला. "प्रीसेट आहे."

"तू? माझ्या दुकानात? ग्रेव्ही?"

"ग्रेव्हीच. पण तुझ्याच घरची. तू मला शिकायला दिलेल्या पंधरा वर्षांपूर्वीच्या फायली आहेत ना, त्यात तू कुठला रंग किती कमी केलास, किती वाढवलास, सगळं नोंदलेलं आहे. त्यांतले पहाटेचे तेवढे चाळीस फोटो निवडले आणि त्यांवरून हा बेतला. महिनाभर लागला."

"महिनाभर? म्हणजे तुला आधीच कळलं होतं."

"कळलं होतं. सांगायची हिंमत होत नव्हती. तुझं तोंड काय कमी आहे?"

क्लेमने बटण दाबलं. डोंगरांना कुणी हळद फासावी तसे ते दिसले. त्याचा हात आपसूक निळा वाढवायला गेला.

"हात लावू नको," रोंडा म्हणाली. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस हवं तर. स्वतःवर ठेव."

जन्मभर ज्याने दुसऱ्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला नाही, त्याने पिवळाधमक दिसणारा तो फोटो तसाच मेव्हिसला धाडला. रात्रभर त्याला झोप नव्हती.

दोन महिन्यांनी, दुसऱ्या डोळ्याचीही पट्टी निघाल्यावर, तो बेकरीत पाव आणायला गेला. भिंतीवर कॅलेंडर टांगलं होतं. डोंगर गुलाबी, कडेला केशरी, आणि दरीत तेवढी निळी सावली. त्या पहाटे होती तश्शी. घरी येऊन त्याने तोच फोटो स्वतः, हाताने, पुन्हा केला. अडीच तास लागले. मग दोन्ही शेजारी ठेवले. केसभरही फरक नव्हता. आपले ते जांभळे डोंगरही त्याने उघडून पाहिले आणि एकटाच मोठ्याने हसला. मग त्याचे डोळे भरून आले. नवे होते तरी.

रविवारी तो भाजलेल्या मेंढीच्या मांसाचं ताट घेऊन रोंडाच्या दारात उभा राहिला.

"माझे डोळे गेले तेव्हा तुझ्याकडे सांभाळून ठेवलेले होते," तो म्हणाला. "हे मला नीट बोलता येत नाही. पण उपकार झाले, रोंडा. फार उपकार झाले."

रोंडाने ताट घेतलं, झाकण उचललं.

"आणि ग्रेव्ही?" तिने विचारलं.

क्लेमने खिशातून पाकीट काढलं. "पाणी तापव."